नक्की काय झालं होतं?

ऑपरेशन नीट पार पडले म्हणतात, आणि दोन दिवसांनी घरचे माणूस अचानक जाते. का गेले, हे कळण्याआधीच सारे आटोपलेले असते. मागे राहते ती रुखरुख. देहाला सुरी न लावता मृत्यूचे कारण शोधण्याची एक पद्धत आता आली आहे. तिला काय दिसते, काय दिसत नाही, आणि आपण घरच्यांनी काय ध्यानात ठेवावे, याविषयी.

आमच्या शेजारच्या वहिनी कधी पेज करीत नाहीत. तांदळाची मऊ, तूप-मीठ घातलेली पेज म्हणजे आजाऱ्याचे अमृत. पण घरात कोणी तापाने फणफणले तरी वहिनी मुगाचे कढण करतील, मऊ खिचडी टाकतील, पेज मात्र नाही. परवा हळदीकुंकवाला आल्या होत्या. बाकीच्या बायका उठून गेल्यावर मी सहज विचारले, तर त्यांच्या डोळ्यांत पाणीच आले.

“अहो, सासूबाईंना शेवटची पेज मीच भरवली. चार चमचे. आणि त्याच रात्री त्या गेल्या.”

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. सासूबाईंचे पित्ताशयाचे ऑपरेशन झाले होते. दुर्बिणीतून केलेले, पोटावर तीन-चार बारीक छेद, तिसऱ्या दिवशी घरी सोडणार. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, पातळ काही द्यायला हरकत नाही. वहिनींनी घरून डब्यात पेज नेली. सासूबाईंनी चार चमचे घेतली आणि म्हणाल्या, “पुरे गं, पोट जड वाटतंय.” पहाटे त्यांना दरदरून घाम फुटला, जीव घाबरा झाला, नर्स धावल्या, डॉक्टर आले आणि तासाभरात सगळे संपले.

पोस्टमार्टमचा विषय निघाला तेव्हा मोठे दीर म्हणाले, “आता आणखी चिरफाड नको. आईला अशीच घरी न्या.” कोणाला ते पटले नसते? दुपारच्या आत अंत्यसंस्कार झाले. दवाखान्याच्या कागदावर ‘हृदयक्रिया व श्वसनक्रिया बंद पडून मृत्यू’ एवढेच होते. तेराव्याला नणंदेने विचारले, “वहिनी, पेज जरा घाईनेच दिलीत का हो?” तिच्या मनात काही वाईट नसेलही. पण त्या एका वाक्याने गेली अकरा वर्षे वहिनींची झोप उडवली आहे.

कागदावर लिहिलेले कारण

हृदय आणि श्वास बंद पडणे हे मृत्यूचे कारणच नव्हे. ते तर प्रत्येकाचेच बंद पडतात. दिवा विझला, हे कोणालाही दिसते. तेल संपले, वात बुडाली की वाऱ्याची झुळूक आली, हा खरा प्रश्न. मृत्यूच्या वैद्यकीय दाखल्यात नुसते ‘हृदय बंद पडले’ न लिहिता ते कशाने बंद पडले ते लिहावे, अशी सूचना डॉक्टरांना असते. तरीही हे वाक्य कागदोपत्री सर्रास सापडते.

ऑपरेशननंतर माणूस जाण्याची कारणे अनेक. आत कुठे बांधलेली रक्तवाहिनी सुटून पोटात रक्तस्राव होतो. आतड्याचा किंवा पित्तनलिकेचा जोड गळतो आणि पोटात जंतू माजतात. पडून राहिल्याने पायाच्या शिरेत गुठळी होते आणि ती रक्ताबरोबर जाऊन फुफ्फुसाची वाट अडवते. जुने हृदयरोगाचे दुखणे त्याच वेळी उफाळते. एखादे औषध सोसत नाही. यांतली काही कारणे उत्तम डॉक्टरांच्या हातूनही टळत नाहीत. तिला गुंतागुंत म्हणतात. काही मात्र हलगर्जीपणाने घडतात. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्हींतला फरक कळत नाही. म्हणूनच एका घरात सून स्वतःला बोल लावते, तर दुसऱ्या घरातले तरुण दवाखान्याच्या काचा फोडतात. दोन्हीकडे मूळ एकच असते, नक्की काय झाले ते कोणालाच ठाऊक नसते.

पुण्यातला एक जुना खटला कायद्याच्या पुस्तकांतून आजही शिकवला जातो. मे १९५३ मध्ये कोकणच्या समुद्रकिनाऱ्यावर अपघात होऊन एका तरुण विद्यार्थ्याच्या मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्याला आणले, डॉक्टरांनी हाड ओढून बसवले आणि त्याच दिवशी मुलगा दगावला. डॉक्टरांनी दाखला दिला की, मोडलेल्या हाडातली चरबी रक्तात मिसळून मृत्यू झाला. वडिलांचे म्हणणे असे की, पुरेशी भूल न देता जोराने पाय ओढला, त्या धक्क्याने मुलगा गेला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९६८ साल उजाडले. वडिलांचे म्हणणे खरे ठरले. मुलगा कशाने गेला, एवढ्या एका प्रश्नासाठी त्या बापाला पंधरा वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या.

पाव अखंड, पण काप दिसतात

देह न उघडता आत पाहता येईल का, या प्रश्नाचा पाठपुरावा स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठाच्या न्यायवैद्यक विभागात नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस सुरू झाला. रिचर्ड डिर्नहोफर आणि मायकेल थाली यांची नावे या कामाशी जोडलेली आहेत. त्यांनी या पद्धतीला ‘व्हर्टॉप्सी’ असे नाव दिले. शवविच्छेदनाचा ‘ऑटॉप्सी’ हा शब्द मूळ ग्रीक, अर्थ स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे. त्यातले ‘स्वतः’ या अर्थाचे पद त्यांनी मुद्दाम काढून टाकले. एकट्या माणसाने पाहिले आणि त्याने सांगितले तेच खरे, असे होऊ नये. चित्र असे हवे की ते कोणीही पुन्हा तपासावे.

साधन आपल्या ओळखीचेच आहे, सीटी स्कॅन. पावाचे पातळ काप करून प्रत्येक काप पाहावा, आणि तरीही पाव टेबलावर अखंड असावा, असे ते यंत्र काम करते. देह पिशवीत गुंडाळलेलाच यंत्रातून जातो, पिशवी उघडावीही लागत नाही. डोक्यापासून पायापर्यंतची शेकडो चित्रे काही मिनिटांत निघतात. जिवंत माणसाला क्ष-किरण बेताने द्यावे लागतात आणि “श्वास रोखून धरा” म्हणावे लागते. इथे दोन्ही अडचणी नाहीत. मग क्ष-किरणतज्ज्ञ आणि न्यायवैद्यक डॉक्टर शेजारी बसून ती चित्रे वाचतात.

ही चित्रे जपून ठेवता येतात, हा याचा आणखी एक मोठा गुण. आपल्याकडे दहन झाले की पुन्हा पाहण्याची वाट बंद. दोन महिन्यांनी शंका आली तरी हाती काय उरते? अस्थी. स्कॅनची चित्रे मात्र पाच वर्षांनीही दुसऱ्या गावच्या डॉक्टरांपुढे ठेवता येतात.

काय दिसते

ऑपरेशननंतरच्या मृत्यूत या तपासणीचा उपयोग कुठे होतो? पहिली गोष्ट रक्त. पोटात किंवा छातीत साचलेले रक्त साध्या पाण्यापेक्षा चित्रात उजळ दिसते. ते कुठे साचले आणि अंदाजे किती, हे कळते.

दुसरी गोष्ट हवा. चित्रात हवा काळीभोर दिसते. फुफ्फुसाला छिद्र पडून छातीत हवा कोंडली, किंवा रक्तवाहिनीत हवा शिरून हृदयापर्यंत पोचली, तर ती दिसते. गंमत अशी की, या एका बाबतीत स्कॅन सुरीपेक्षा सरस आहे. नेहमीच्या शवविच्छेदनात छाती उघडली की बाहेरची हवा आत जाते आणि आतली निसटते. त्यामुळे ती सिद्ध करायला फार खटाटोप करावा लागतो.

तिसरी गोष्ट नळ्या. श्वासाची नळी श्वासनलिकेतच होती की अन्ननलिकेत गेली? मानेच्या शिरेतली सलाईनची नळी भलतीकडे तर नव्हती? त्या जागच्या जागी असतील तर चित्रात स्पष्ट दिसतात. पण बहुतेक ठिकाणी माणूस गेल्याबरोबर देह नीटनेटका करण्यासाठी नळ्या काढून टाकतात. हेतू चांगलाच असतो, पण पुरावा जातो. पोटात चुकून राहिलेला कापसाचा बोळाही दिसू शकतो, कारण ऑपरेशनच्या कापडात क्ष-किरणांत उठून दिसणारा दोरा विणलेला असतो.

रक्तस्राव झाला हे कळले, पण तो कुठून? नळाची गळती शोधायला प्लंबर पाणी सोडून पाहतो ना, तसेच इथे करतात. जांघेतल्या रक्तवाहिनीतून क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य पंपाने देहात सोडतात, कारण आता हृदयाचा पंप थांबलेला असतो. मग पुन्हा स्कॅन घेतात. ज्या टाक्यापाशी द्रव्य बाहेर झिरपते तो टाका सापडतो. लोझान येथील सिल्के ग्रॅबहेर यांनी ही पद्धत नावारूपाला आणली. तिला जांघेत छोटासा छेद लागतो, एवढेच.

जपानची वाट

या बाबतीत जपानची गोष्ट सांगण्यासारखी आहे. तिथेही मृत देहाला सुरी लावणे घरच्यांना नको असते आणि शवविच्छेदने फार थोडी होतात. उलट सीटी स्कॅनची यंत्रे मात्र गावोगाव. मृत्यूनंतरच्या स्कॅनला तिथे ‘एआय’ असे छोटे नाव आहे. ‘ऑटॉप्सी इमेजिंग’ची ही आद्याक्षरे. आजच्या संगणकी बुद्धीशी त्याचा काही संबंध नाही. २००६ मध्ये काइदो ताकेरू या टोपणनावाने एका डॉक्टरने कादंबरी लिहिली. हृदयाची अवघड ऑपरेशने यशस्वी करणाऱ्या नावाजलेल्या तुकडीच्या हातून एकामागून एक रोगी टेबलावरच दगावू लागतात आणि चौकशी सुरू होते, असे तिचे कथानक. कादंबरी तुफान खपली, तिच्यावर चित्रपटही निघाला, आणि मृत्यूनंतर स्कॅन काढतात हे तिथल्या घराघरांत पोचले.

प्रत्यक्षातही तिथे वादळ उठले होते. २००४ मध्ये फुकुशिमा प्रांतात सिझेरियनच्या वेळी वार न सुटल्यामुळे अतिरक्तस्राव होऊन एक बाळंतीण गेली. २००६ मध्ये तिच्या डॉक्टरांना अटक झाली आणि २००८ मध्ये ते निर्दोष सुटले. बाळंतिणीच्या घरच्यांनाही समाधान नाही, डॉक्टरांनाही नाही. मृत्यूचे कारण पोलीस चौकीत शोधायचे की दवाखान्यात, हा प्रश्न ऐरणीवर आला. ऑक्टोबर २०१५ पासून तिथे नवी व्यवस्था लागू झाली. उपचारांमुळे अनपेक्षित मृत्यू ओढवला असे वाटले, तर दवाखान्याने स्वतंत्र केंद्राला कळवायचे, चौकशी करायची आणि निष्कर्ष घरच्यांना समजावून सांगायचा. त्या चौकशीत शवविच्छेदनाच्या जोडीने स्कॅनचाही आधार घेतला जातो.

काय दिसत नाही

पण मैत्रिणींनो, यंत्र म्हणजे देवाचा कौल नव्हे. इंग्लंडमध्ये मँचेस्टर आणि ऑक्सफर्ड येथे १८२ मृतांचे आधी स्कॅन आणि मग शवविच्छेदन करून दोन्हींची तुलना केली गेली. २०१२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. सीटी स्कॅनवरून सांगितलेल्या मृत्यूच्या कारणात सुमारे ३२ टक्के वेळा मोठी तफावत निघाली. रक्तवाहिन्यांत द्रव्य सोडून केलेल्या स्कॅनचा लेस्टर येथील अभ्यास २०१७ मध्ये आला. त्यात सुमारे ९२ टक्के मृत्यूंचे कारण सांगता आले. म्हणजे पद्धत सुधारते आहे, पण सर्वज्ञ नाही.

फुफ्फुसातली गुठळी साध्या स्कॅनला नीट ओळखता येत नाही, कारण मृत्यूनंतर रक्त आपोआपच गोठते. काही तासांपूर्वीच आलेला हृदयविकाराचा झटका स्नायूवर खूण उमटायच्या आधीच माणसाला नेतो. औषधाची ॲलर्जी, जंतूंचे विष, चुकीचे औषध ही चित्रात उमटत नाहीत, त्यासाठी रक्ताचे आणि ऊतींचे नमुने लागतात. १९९९ मध्ये टोकियोत बोटाच्या ऑपरेशननंतर एका बाईंना सलाईनच्या नळीतून औषधाऐवजी जंतुनाशक टोचले गेले आणि त्या दगावल्या. कोणत्याही स्कॅनला हे एकट्याने सांगता आले नसते. आणि पुण्याच्या त्या खटल्यातले चरबीचे कण? तेही बहुधा इतके सूक्ष्म असतात की त्यांना सूक्ष्मदर्शकच लागतो.

म्हणून जाणते डॉक्टर म्हणतात, स्कॅन आधी करा. त्यात उत्तर सापडले तर चिरफाड टळते. नाही सापडले तर निदान कुठे उघडून पाहायचे ते कळते.

आपल्याकडे काय?

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत, म्हणजे ‘एम्स’मध्ये, मार्च २०२१ पासून स्कॅनच्या साहाय्याने शवचिकित्सा होऊ लागली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा या कामाला हातभार आहे. आपल्या तालुक्या-जिल्ह्याच्या ठिकाणी ही सोय मिळेलच असे मात्र नाही. तरी विचारायला काय हरकत आहे? आणि सोय नसली तरी पुढल्या गोष्टी आपल्या हातातल्या आहेत.

ध्यानात ठेवा

• ऑपरेशन झालेल्या माणसाच्या उशाशी एक वही ठेवा. काय खायला दिले, कोणाच्या सांगण्यावरून, रोगी काय म्हणाला, कुठे दुखले, हे वेळ घालून लिहा. “पोट जड वाटतंय” हे साधे वाक्यही डॉक्टरांच्या कानावर घाला. चित्र वाचणाऱ्यालाही आधीची हकिगत कळली तरच चित्राचा अर्थ लागतो.

• दुर्दैवाने माणूस गेलेच आणि मनात शंका असेल तर ती तेव्हाच, शांतपणे, डॉक्टरांना सांगा. नळ्या-सुया तशाच राहू द्या म्हणा. उशीर करू नका. देहात आपोआप वायू होऊ लागतो, आपल्या हवेत तर फार लवकर, आणि चित्र गढूळ होते.

• पोस्टमार्टम दोन प्रकारचे. पोलिसांकडे प्रकरण गेले तर ते कायद्याने होते, घरच्यांची संमती लागत नाही. नुसते कारण जाणून घेण्यासाठी मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत घरच्यांच्या संमतीने करतात, त्यासाठी कोणावर आरोप करावा लागत नाही.

• मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय दाखल्याची प्रत जवळच्या नातलगाला द्यावी, असे जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीने सांगितले आहे. ती मागून घ्या आणि वाचा.

• उपचारांचे कागद लेखी मागा. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे ते ७२ तासांत मिळायला हवेत, आणि कागद तीन वर्षे जपून ठेवायचे असतात. ग्राहक आयोगाकडे तक्रारीची मुदत साधारण दोन वर्षांची आहे.

• हात उगारू नका. तोडफोडीत सगळ्यांत आधी कागद आणि पुरावेच हरवतात. डॉक्टरांची चूक नसेल तर तेही याच चित्रांतून सिद्ध होते.

आणि एक गोष्ट दवाखान्यात जाण्याआधीची. मोठे ऑपरेशन ठरले की घरात बसून दोन शब्द बोलून ठेवा. अभद्र वाटते खरे. पण त्या क्षणी रडणारी बायको, गोंधळलेला मुलगा आणि “आता नको” म्हणणारे वडीलधारे, यांत निर्णय घाईचाच होतो. आजारी माणसानेच आधी सांगून ठेवले असेल की, “काही झालंच तर बघा हो, तुम्हाला घोर लागायला नको,” तर मागच्यांचे ओझे हलके होते.

हे सगळे मी वहिनींना सांगितले. त्यांनी विचारले, “तेव्हा असा स्कॅन केला असता, तर कळलं असतं?” मी खरे तेच सांगितले. पोटात रक्त साचले असते तर दिसले असते, पित्ताचा जोड गळला असता तर तिथले पाणीही दिसले असते. गुठळी असती तर कदाचित नसते कळले. आणि पेज? माझ्या ओळखीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घशात अडकायची असती तर तिथेच, त्याच क्षणी ठसका लागून जीव कासावीस झाला असता. पहाटेपर्यंत वाट पाहिली नसती. पण पोट जड वाटतंय, हे त्या कोणापाशी बोलल्या होत्या का?

“माझ्यापाशी ना,” वहिनी म्हणाल्या. “अकरा वर्षं शब्द न् शब्द लक्षात आहे. पण मला तेव्हा कोणी विचारलंच नाही हो.”